पूर, पूल आणि संगणक

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी त्यातील आकडेमोड येथे थोडी विस्ताराने दिली आहे.)



महाड-पोलादपूरच्या माणसाला पूर म्हणजे काय हे सांगायला जाणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहणे शिकविण्यासारखे आहे. जुलै उजाडला, सावित्रीचे पाणी लाल झाले, की बाजारपेठेतला दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवू लागतो. हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. तेव्हा पूर कसा येतो यावर मी आज बोलणार नाही. पुराचे पाणी पूल, भिंत, धरण कसे मोडते आणि हे मोडणे आधीच संगणकावर कसे पाहता येते, या विषयावर मला बोलावयाचे आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला शाळामास्तर आहे, इंजिनिअर नाही. परंतु या विषयाचा पाया आठवी ते दहावीच्या गणितात व विज्ञानात आहे, आणि ज्या गावाने पुलाखाली माणसे गमावली त्या गावातल्या मुलांना तो समजला पाहिजे, असे मला वाटते.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र

मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा एक पूल होता. तो 1928 साली, इंग्रजी अमदानीत बांधला गेला. पुढे शेजारी दुसरा नवा पूल झाला आणि एका दिशेची वाहतूक नव्यावरून, दुसऱ्या दिशेची जुन्यावरून होऊ लागली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुसळधार पावसात, नदी दुथडी भरून वाहत असता जुना पूल कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या व इतर वाहने माणसांसह नदीत गेली. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या लक्षात हा प्रकार आला. त्याने धावत जाऊन मागची वाहने थांबविली, म्हणून आणखी अनर्थ टळला. गाड्यांचे सांगाडे मिळावयास कित्येक दिवस लागले. काही मृतदेह तर खाडीने वाहत जाऊन फार दूर सापडले. शेजारचा नवा पूल मात्र त्याच पुरात उभा राहिला. पुढे 165 दिवसांत जुन्याच्या जागी नवा पूल बांधण्यात आला व जून 2017 मध्ये तो वाहतुकीस खुला झाला.

या घटनेतील एक गोष्ट आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. पुलाची पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, पाहणी झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता, असे त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आले होते.

अठ्ठ्याऐंशी वर्षे ज्या पुलाने दर पावसाळ्यात सावित्रीचे पाणी खालून जाऊ दिले, तो एका रात्रीत कसा जातो? याचे उत्तर शोधण्यासाठी पाण्याची ताकद आधी मोजावी लागेल.

पाणी मोडते कसे?

पहिली गोष्ट म्हणजे धक्का. वाहते पाणी खांबावर आदळते तेव्हा त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट. आपल्या देशात पुलांचे नियम ठरविणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आहे. तिचे सूत्र अगदी सोपे आहे. वेग मीटर-सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला 52 ने गुणावे आणि मग खांबाच्या आकाराप्रमाणे एका अंकाने गुणावे. खांबाचे तोंड चौकोनी असेल तर हा अंक 1.5 आणि अर्धगोल असेल तर 0.66. आता वेग सेकंदाला 4 मीटर धरा. चौकोनी तोंडावर दर चौरस मीटरला 52 × 1.5 × 16, म्हणजे 1,248 किलोग्रॅम दाब पडेल. अर्धगोल तोंडावर तो साधारण 549 किलोग्रॅम पडेल. पाणी तेच, वेग तोच, पण खांबाच्या नाकाचा आकार बदलला तर भार निम्म्याहून खाली येतो. जुन्या पुलांच्या खांबांची वरच्या अंगाची तोंडे निमुळती का घडविलेली असतात, हे कोडे येथे सुटते.

दुसरी गोष्ट उचल. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतक्या पाण्याच्या वजनाने हलकी होते, हा आर्किमिडीजचा नियम मुलांना पाठ असतो. दगडी बांधकामाचा एक घनमीटर सुमारे अडीच टन भरतो. पाण्यात बुडाला की तो दीड टनाचाच उरतो. कमानीचा पूल मुख्यत्वे स्वतःच्या वजनाने घट्ट उभा असतो. दगड दगडाला दाबतो, म्हणून कमान टिकते. पूर जितका वर चढेल तितके हे वजन कमी होत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी बाजूचा धक्का वाढत जातो. पुरात वाहून आलेले ओंडके व झाडे खांबांना अडकली तर पाण्याला अडविणारी भिंतच तयार होते, आणि धक्का आणखी वाढतो.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे तळ खरवडला जाणे. खांबाला अडलेले पाणी खाली वळते, खांबाच्या पायथ्याशी भोवरा तयार होतो आणि तो वाळू, गोटे, माती उकरून नेतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो चौसष्टपट वजनाचा दगड गडगडत नेऊ शकतो, असा एक जुना आणि मान्य हिशेब आहे. वेगाचा सहावा घात तो हाच. जगात पुराने जे पूल पडतात त्यांतील पुष्कळसे वरून मोडत नाहीत. पायाखालची जमीन गेल्याने खचतात.

यात एक मोठा फसवा भाग आहे. पूर चढत असताना खांबापाशी खड्डा पडतो आणि पूर ओसरू लागला, वेग मंदावला, की तोच प्रवाह आपल्याबरोबरचा गाळ त्या खड्ड्यात टाकून तो बुजवितो. हा गाळ मोकळा, भुसभुशीत असतो. त्याच्यात पाया धरून ठेवण्याची ताकद नसते. पण मे महिन्यात नदीच्या पात्रात उतरून पाहणाऱ्याला तळ भरलेला, सपाट, शांत दिसतो. उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी अशा धोक्यापुढे अपुरी पडते. त्यासाठी पाया किती खोल आहे, खाली खडक आहे की गाळ, आणि पुराच्या भर वेगात तळ किती खोल जाईल, याचे गणित मांडावे लागते. हे गणित आपल्याच देशात पाटबंधाऱ्यांवर काम करणाऱ्या जेराल्ड लेसी या इंजिनिअरने 1930 च्या सुमारास मांडले. त्याच्या सूत्राच्या आधारे तळ सरासरी किती खोल जाईल ते काढतात आणि खांबापाशी ती खोली दुप्पट धरतात. आजही आपल्याकडे पुलांचे पाये ठरविताना ही रीत वापरतात.

कमानीच्या पुलाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंच्या कमानी ढकलत असतात, त्या एकमेकींना तोलून धरतात. एक खांब खचला व त्यावरची कमान पडली, तर शेजारच्या खांबाला एकाच बाजूने रेटा बसतो. तो त्यासाठी बांधलेला नसेल तर तोही जातो. पत्त्यांच्या बंगल्यासारखा गाळ्यामागून गाळा पडण्याचे कारण हे आहे.

संगणक हे कसे दाखवितो?

संगणकापूर्वी हे सारे लहान नमुन्यांवर पाहत. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 साली त्याची सुरुवात केली. तेथे नदी, बंदर, धरण यांची सिमेंट-मातीची लहान प्रतिकृती करून तीत पाणी सोडतात आणि काय होते ते मोजतात. असे नमुने तेथे आजही करतात. त्यांच्या जोडीला आता गणिती प्रतिकृती आली आहे. ती संगणकाच्या पोटात असते. तिला सिम्युलेशन असे म्हणतात, म्हणजे खऱ्या घटनेची हिशेबाने केलेली नक्कल.

ती कशी करतात ते पाहू. नदी व काठची जमीन यांच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची जाळी टाकतात. प्रत्येक चौकटीला जमिनीची उंची देतात. मग प्रत्येक चौकटीसाठी संगणक दोन हिशेब करतो. पहिला वाण्याच्या वहीसारखा जमाखर्चाचा. शेजारच्या चौकटींतून पाणी किती आले, किती गेले आणि शिल्लक किती उरले, म्हणजेच पातळी किती वाढली. दुसरा हिशेब न्यूटनच्या नियमाचा. उतार पाण्याला किती ढकलतो, तळाचे घर्षण किती अडविते, म्हणून वेग किती झाला. ही दोन समीकरणे फ्रान्समधील सँ-व्हेनाँ या इंजिनिअरने 1871 साली मांडली. दीडशे वर्षांपूर्वीची ही समीकरणे आजही पुराच्या बहुतेक गणितांचा गाभा आहेत.

हा हिशेब एकदा करून भागत नाही. तो क्षणाक्षणाला पुन्हा करावा लागतो. हा क्षण किती लहान घ्यावा याचा नियम जर्मनीत कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी 1928 साली, म्हणजे आपला जुना पूल बांधला गेला त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. नियमाचा आशय असा, की एका क्षणात पाण्याची लाट एका चौकटीहून पुढे जाता कामा नये. गेली तर हिशेब बिघडतो. चौकट 10 मीटरची असेल, पाणी 6 मीटर खोल असेल आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला 4 मीटर असेल, तर लाट सेकंदाला सुमारे 12 मीटर पुढे सरकते. म्हणून क्षण एका सेकंदाहूनही कमी घ्यावा लागतो. दिवसाचे सेकंद 86,400, तेव्हा एका दिवसाच्या पुरासाठी लाखभर फेऱ्या होतात. दहा किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद पट्टा घेतला तर चौकटी होतात एक लाख. लाखाला लाखाने गुणले की एक हजार कोटी हिशेब झाले. माणसाने हे करावयाचे म्हटले तर पिढ्या जातील. संगणकाला हुशारी आहे असे नाही. त्याला कंटाळा नाही, एवढाच त्याचा गुण.

पाण्याचा हिशेब झाला, आता पुलाचा. पुलाचेही असेच लहान लहान तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती दाबतो, किती ओढतो, हे काढतात. या पद्धतीला इंग्रजीत 1960 साली ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव मिळाले. परंतु दगडी कमान ही मुळातच सुट्या दगडांची. तिच्यासाठी 1971 पासून विकसित झालेली दुसरी पद्धत सोयीची पडते. तीत प्रत्येक दगड स्वतंत्र धरतात आणि दोन दगडांमधील चुन्याच्या जोडाला एक मर्यादा देतात. ताण त्या मर्यादेच्या पुढे गेला की संगणक तो जोड तुटला असे मानतो आणि दगड सुटा होतो. पाणी उसळते, फुटते, तुषार उडतात, तेव्हा चौकटींची जाळी अपुरी पडते. अशा वेळी पाणी म्हणजे असंख्य कणांचा समूह मानतात. ही कणांची रीत 1977 साली आकाशातील ताऱ्यांच्या अभ्यासासाठी निघाली. पुढे ती फुटलेल्या धरणाच्या पाण्यालाही लागू पडली. विद्या कोठून निघून कोठे उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही.

शेवटी या दोघांची गाठ घालून देतात. पाणी पुलाला सांगते, ‘तुझ्यावर एवढा दाब.’ पूल किंचित हलतो आणि पाण्याला सांगतो, ‘माझा आकार आता असा झाला.’ पाणी त्या नव्या आकाराभोवती वळते आणि नवा दाब सांगते. क्षणाक्षणाला हा संवाद चालतो, आणि कोणत्या क्षणी कोणता जोड आधी सुटेल हे दिसू लागते. एकही माणूस बुडालेला नसतो आणि पूल मात्र शंभर वेळा पाडून पाहता येतो. या विद्येचे मोल येथे आहे.

सिनेमातला पूर

मुलांना येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मोबाइलवर धरण फुटते, शहर वाहून जाते, इमारती कोसळतात, अशी संगणकाने केलेली चित्रे आपण पाहता. त्यांतही पुष्कळदा अशाच प्रकारचे गणित असते. फरक हेतूचा आहे. सिनेमातली भिंत दिग्दर्शकाला हवी तेव्हा आणि हवी तेथे फुटते. पाणी शोभून दिसले की काम झाले. इंजिनिअरच्या पडद्यावर कदाचित नुसते निळे-तांबडे ठिपके आणि आकडे असतील, पण त्याला ते आकडे खऱ्या नदीशी ताडून दाखवावे लागतात. चित्र हुबेहूब दिसले म्हणून हिशेब बरोबर आहे, असे समजू नये.

संगणकाला काय माहीत नसते?

मित्रहो, या भाषणाचा खरा मुद्दा आता येतो. संगणकाला सावित्री नदी माहीत नाही. त्याला जे सांगाल तेवढेच तो जाणतो. चुकीची उंची दिली तर तो चुकीचा पूर अत्यंत बिनचूकपणे काढून देईल.

आपल्या भागाबद्दल त्याला काय काय सांगावे लागेल, पाहा. सावित्री महाबळेश्वरच्या सुमारे 1,350 मीटर उंचीच्या पठारावर उगम पावते. तेथून महाड सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, आणि महाडची उंची समुद्रसपाटीपासून अगदी थोडी. एवढ्या कमी अंतरात एवढा उतार, म्हणून पोलादपूरपाशी पाणी धावत येते आणि महाडच्या सपाटीवर येऊन तुंबते. त्यात गांधारी व काळ या नद्यांचे पाणी मिळते. खालून बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल तर पाण्याला वाट मिळत नाही. म्हणजे वरून पाऊस आणि खालून भरती, या दोन्हींचे वेळापत्रक संगणकाला द्यावे लागते. त्यांची वेळ जुळली तर पुराचे रूप वेगळे, चुकली तर वेगळे.

जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे 5 लाख 94 हजार घनमीटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने वाहावयाचे तर 59,400 टँकर, आणि हे एकाच चौरस किलोमीटरचे. महाडमध्ये त्या पुरात दुकानांतला माल, घरांतली धान्ये, शाळांची दप्तरे आणि लोकांचे कागदपत्र चिखल झाले, हे आपण विसरलेलो नाही.

त्याच 22 जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर हीच आपत्ती आली होती. दरडींची माती व झाडे शेवटी नदीतच उतरतात. म्हणजे संगणकाला नुसते स्वच्छ पाणी शिकवून चालणार नाही; माती, ओंडके आणि वर आलेला तळ हेही सांगावे लागेल. खरबरीतपणाचा एक आकडा असतो. तो आयर्लंडचे इंजिनिअर मॅनिंग यांच्या 1889 च्या सूत्रातून आला. स्वच्छ, सरळ पात्राला तो साधारण 0.03 धरतात आणि दाट झाडीच्या काठाला 0.1. उतार व खोली तीच असता झाडीतील वेग स्वच्छ पात्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होतो. वेग कमी झाला की पाणी साचते, पातळी चढते. हा एक आकडा चुकला तर सारे उत्तर चुकते.

महाडमध्ये पूर ओसरला की वाद सुरू होतो. कोणी म्हणतात, नदीतील गाळाच्या बेटांनी पाणी तुंबविले. कोणी दासगावकडील रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवितात. कोणी भरतीला, कोणी नदीकाठच्या बांधकामांना दोष देतात. चहाच्या टपरीवर हा वाद मिटणार नाही, पण संगणकावर त्याचा निवाडा बराचसा होऊ शकतो. एकच पूर दोनदा चालवून पाहावयाचा. एकदा गाळासह, एकदा गाळाशिवाय. एकदा भराव आहे तसा ठेवून, एकदा त्यात जास्त मोऱ्या कल्पून. बाजारपेठेतली पातळी दोन्ही वेळा किती येते त्यातील फरक म्हणजे त्या कारणाचा वाटा. असा निवाडा कोणाच्या आवाजावर अवलंबून नसतो.

आपले काम

परंतु या निवाड्यावर विश्वास केव्हा ठेवावयाचा? इंजिनिअर आधी होऊन गेलेला पूर संगणकावर चालवून पाहतो आणि पाणी प्रत्यक्ष जेथपर्यंत आले होते त्या खुणांशी उत्तर जुळते का ते तपासतो. जुळले नाही तर आकडे सुधारतो. मग दुसऱ्या एखाद्या वर्षाचा पूर घेऊन पुन्हा पडताळा पाहतो. 2021 च्या खुणांवर जुळविलेली प्रतिकृती 2005 च्या खुणांवरही उतरली, तर ती पुढच्या पुराबद्दल बोलण्यास लायक ठरते. म्हणजे या सगळ्या अवाढव्य गणिताचा शेवटचा साक्षीदार कोण? तुमच्या घराच्या भिंतीवरचा चिखलाचा पट्टा! आणि आपण तो पट्टा दिवाळीच्या, ईदच्या किंवा लग्नाच्या रंगरंगोटीत पुसून टाकतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पुढील पावसाळ्यापासून चार कामे करा. पूर आला तर, धोका टळल्यावर, पाणी कोठपर्यंत चढले होते तेथे शाळेच्या व घराच्या भिंतीवर तैलरंगाने आडवी रेघ काढा आणि तारीख लिहा. जोत्यापासून रेघेची उंची टेपने मोजून वहीत नोंदवा. पाणी अंगणात किती वाजता आले, सर्वांत वर किती वाजता होते आणि केव्हा उतरू लागले, या तीन वेळा विसरू नका. पुढे संशोधकाला उंचीइतकीच वेळही मोलाची असते. शाळेच्या आवारात उघड्यावर सरळ भिंतीचा डबा ठेवून रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाऊस मोजा. आणि घरातल्या दादा-दादी, नाना-नानींना विचारा, की त्यांच्या लहानपणी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते. ती पायरी दाखविणारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. अशी वही दरवर्षी शाळेत जपावी, तिची एक नक्कल तहसील कार्यालयाला द्यावी. याला पैसा लागत नाही.

पालकांना माझी विनंती वेगळी आहे. आपल्या समाजात मुलगा दहावी झाला की आखाताकडे डोळे लागतात. तेथे जाऊन घर सावरणाऱ्यांच्या कष्टाची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु गणित कठीण म्हणून ते सोडून देणे, किंवा मुलीला गणित-विज्ञान कशाला असे म्हणणे, हे आता परवडणारे नाही. आपल्या घरापासून जवळच लोणेरे येथे 1989 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पुराचे गणित करणारी एच. ई. सी. रास ही अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाने तयार केलेली संगणक-प्रणाली कोणालाही फुकट मिळते. जी साधने एके काळी मोठ्या संशोधन संस्थांपाशीच होती, ती आज कॉलेजच्या मुलाच्या किंवा मुलीच्या संगणकावर चालू शकतात. उणीव आहे ती ती चालविणाऱ्या माणसांची, आणि त्यातही ज्यांना नदी ठाऊक आहे अशा माणसांची. दूरच्या शहरातला इंजिनिअर आकडे उत्तम मांडील. पण कोणत्या वहाळाचे पाणी आधी फुगते, कोणत्या मोरीत दरवर्षी ओंडके अडकतात, हे त्याला येथल्या माणसालाच विचारावे लागेल. ते दोन्ही जाणणारी आपली मुले का नसावीत?

यातून काय साधेल, तेही सांगतो. 2 जुलै 2019 रोजी रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतील झोपलेली माणसे वाहून गेली. धरणाच्या गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्या होत्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, त्या काळी असे फुटणे आधी संगणकावर पाहण्याची सोय नव्हती. आज आहे. धरण फुटले तर कोणत्या वाडीत किती मिनिटांत किती पाणी पोचेल, याचा नकाशा आधीच काढता येतो. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांसाठी आणीबाणीचा आराखडा करणे बंधनकारक केले आहे. असा नकाशा आपल्या वाडीसाठी झाला आहे काय, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. आपल्या रस्त्यावरच्या पुलाचा पाया किती खोल आहे, पुराच्या वेळी तळ किती जाईल याचे गणित झाले आहे काय, किती उंचीला पाणी आले की वाहतूक बंद करावयाची हे ठरले आहे काय, हेही विचारावे. प्रश्न विचारण्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. पण प्रश्न कोणता विचारावा हे कळण्यासाठी शिकावे लागते.

आणि गणित काहीही सांगो, एक गोष्ट सर्वांनी पाळावी. पुलाच्या कमानी पाण्याने भरत आल्या असतील, किंवा रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर गाडी थांबवा. उशीर झाला म्हणून घरचे रागावतील, तेवढेच. 2016 साली एका गॅरेजमधल्या कामगाराने वाहने अडविली, तेव्हा त्याच्यापाशी संगणक नव्हता. पुढे काय होणार हे त्याला कळले आणि त्याने हाक दिली. ही हाक पूल पडण्याच्या आधी देता यावी, एवढ्यासाठीच ही सारी विद्या आहे. ती आपल्या शाळांतून शिकली जावो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.